सुळ्याच्या खडपीचं पाणी

"ह्या पाण्यात तुमी बघतास तरी काय?"

भिकाजी कुबलांनी इंजिन बंद करता करता विचारलं. होडी हेलकावत उभी राहिली. किनारा मागे पार पुसट झाला होता. मी पन्नास लिटरचा कॅन दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"मीठ," मी म्हटलं.

"समुद्रातला मीठ?"

"हो. किती आहे ते मोजायचं."

ते मग हसले. "त्येका इतक्या लांब कित्या येवक व्हया? माका इचारा. खारट आसा."

मीही हसले. वेळाखोल गावात येऊन मला तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि ते माझं तिथलं पहिलं हसू. गोष्ट १९८३ सालच्या नोव्हेंबरमधली.

मी भंडारा जिल्ह्यातली. समुद्र मी त्याआधी एकदाच, तोही कॉलेजच्या सहलीत, पाहिला होता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले त्याला चार वर्षं झाली होती. एक दिवस साहेबांनी बोलावून समोर नकाशा पसरला. फार पूर्वी, एकसष्ट साली, एका घड्याळाच्या कारखान्याने आपला टाकाऊ माल वेळाखोलपासून सात मैलांवर खोल पाण्यात बुडवला होता. घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम मिसळलेला रंग वापरत, त्या रंगाचा गाळ, फडकी, भांडी, सगळं लोखंडी पिंपांत भरून वरून सिमेंट ओतलेलं. कारखाना कधीच बंद पडला होता. पिंपं मात्र बावीस वर्षं खाली होती, आणि लोखंड किती टिकणार? त्या पाण्यात रेडियम उतरलंय का, ते सहा महिने तपासायचं होतं.

"गावात बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "काही नसलं तर उगाच घबराट. मिठाची तपासणी आहे म्हणा."

"आणि काही असलं तर?"

"तर आपण आहोतच ना, मिस दिघोरे."

तीन जागा ठरल्या होत्या. पहिली पिंपं टाकल्याची नोंद होती तिथे, दुसरी तिच्या दक्षिणेला. तिसरी गावापासून अर्ध्या मैलावर, सुळ्याच्या खडपीजवळ. ही खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक. तिसरी जागा तुलनेसाठी होती. तिथलं पाणी स्वच्छ असणारच, असं धरून बाकीच्या दोन्ही त्याच्याशी ताडून बघायच्या.

बंदरावरचं कस्टमचं जुनं गोदाम मला मिळालं होतं. तिथे मी आणलेलं पाणी काळा थर दिलेल्या कापसातून थेंब थेंब सोडायची. रेडियम असलंच तर त्या कापसाला चिकटतं. मग तो कापूस काचेच्या बाटलीत हवाबंद करून पुण्याला पाठवायचा. तिथे बाटली तीन आठवडे तशीच ठेवावी लागते, तेव्हा कुठे मोजण्याइतका वायू तिच्यात साठतो. म्हणजे आज आणलेल्या पाण्याचं उत्तर जवळपास महिन्याने. तोवर पुढचं पाणी आणायचं.

राहायला कुबलांच्याच घरातली पडवीकडची खोली होती. पहिल्या दुपारी भिकाजींच्या बायकोने, शेवंताबाईंनी, ताट वाढून आणलं. तळलेला बांगडा, आमटी, भात. वासाने माझा जीव कासावीस झाला. मी ढिवराची मुलगी. माझ्या बापाने आयुष्यभर गावच्या तलावात जाळं टाकलं. माशाशिवाय जेवण मला जेवण वाटत नाही. पण नमुन्यांचं उत्तर आलं नव्हतं, आणि पिंपांत काय होतं ते मला ठाऊक होतं.

"मी मासे खात नाही," मी म्हटलं.

शेवंताबाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मगे आधी सांगूचा नाय? ऱ्हवा." त्यांनी ताट उचललं, आणि अर्ध्या तासात कुळथाची पिठी, भात नि लोणचं घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक नवं पातेलं आणलं, फक्त माझ्यासाठी. "आमच्या भांड्यांका वास येता. तुमका चलाचा नाय." पुढचे पाच महिने त्यांनी त्या पातेल्यात दुसरं काही शिजवलं नाही.

पहिलं उत्तर डिसेंबरात आलं. पोस्टात जाऊन मी पुण्याला फोन लावला.

"एक आणि दोन स्वच्छ आहेत," साहेबांचा आवाज तुटक तुटक येत होता. "तीनमध्ये गडबड दिसतेय. बरीच. तुमच्याकडून बाटल्यांची अदलाबदल झालीय."

"नाही सर. मी स्वतः चिठ्ठ्या लावल्या."

"तर कॅन नीट धुतला नसेल. जिथे पिंपं आहेत तिथे काही नाही आणि किनाऱ्याजवळ आहे, असं कसं होईल? पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. जानेवारीत उत्तर तेच. साहेब म्हणाले, दुसऱ्या कोणी नमुने घेऊन बघायला हवं, पण पाठवायला माणूस नाही. मग मी कॅन नवे मागवले, खडपीपासून दोन्ही बाजूंना लांबवरचं पाणी घेतलं, आणि खडपीला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्यांतले जीव, तीही काढून पाठवली. लांबच्या पाण्यात काही नव्हतं. खडपीच्या पाण्यात होतं. कालवांत पाण्याहून कितीतरी जास्त होतं.

"अहवाल वर पाठवतो," साहेब म्हणाले. "तोवर शब्द काढू नका. कारण सापडत नाही तोवर आकड्याला अर्थ नसतो."

तेवढे महिने मी कोणाशी काय बोलले असेन? घरी पत्रं लिहायची, त्यात समुद्राचं वर्णन करायची. गावातल्या बायका विहिरीवर मला जागा करून देत, "मिठाची बाई इली" म्हणून हसत. मीही हसायची. खोलीत आले की दार लावून घ्यायची आणि बसून राहायची. पडवीतून घरातलं सगळं ऐकू येई. भाकरी थापल्याचा आवाज, भांडणं, रेडिओ. मधे एक कुडाची भिंत होती, बस्स.

फेब्रुवारीअखेर त्यांची मुलगी रतन बाळंतपणाला माहेरी आली. सातवा संपत आलेला. तिला सासरी अन्न जात नव्हतं, आणि आल्या आल्या तिने आईकडे मागितली ती कालवं. शेवंताबाई ओहोटीला कोयती घेऊन सुळ्याच्या खडपीवर जायच्या आणि डबाभर कालवं फोडून आणायच्या.

एका दुपारी मी पडवीत जेवत होते. रतन समोर भिंतीला टेकून बसली होती, कालवांचं सुकं आणि भात. शेवंताबाई पुन्हा वाढायला आल्या.

"रोज नका देऊ," माझ्या तोंडून गेलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"कित्या?" शेवंताबाईंनी विचारलं.

"उष्ण पडतील."

"तुमी कधी खाल्लास?" त्या हसल्या. "न खाणाऱ्यान खाणाऱ्याक शिकवूचा म्हणजे कमालच झाली. खा गो, रतन. बाईंचा काय मनार घेव नको."

रतन खात राहिली. मी ताटातला भात कसाबसा संपवला.

दोन दिवसांनी नमुन्याची फेरी होती. सकाळी सातला आम्ही निघालो. पहिल्या जागेवरचं पाणी घेऊन झालं. भिकाजींनी विडी शिलगावली. मी कॅनचं झाकण घट्ट करत होते, ते करतच राहिले.

"नाखवा," मी म्हटलं, "रतनला कालवं देऊ नका. तुम्हीही खाऊ नका. सुळ्याच्या खडपीवरचं काहीच खाऊ नका."

त्यांनी विडी तोंडातून काढली.

"मी मीठ मोजत नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. कारखाना, रंग, पिंपं, तीन जागा, आकडे. त्यांना समजेल असं सांगायचं ठरवलं होतं, पण सांगताना सगळं उलटसुलट झालं. रेडियम हाडांत जाऊन बसतं हेसुद्धा सांगितलं.

"तुमका कधीपासून म्हायत?"

"डिसेंबरपासून."

"आणि म्हणान तुमी मासे खाणास नाय."

मी मान डोलावली.

"शेवंता तुमच्यासाठी वेगळा रांधता."

"हो."

विडी त्यांनी पाण्यात टाकली. आता ते काय बोलतील, होडी कुठे नेतील, मला काहीच सांगता येत नव्हतं. भोवती कोणी नव्हतं. सगळीकडे पाणीच पाणी, आणि होडीत आम्ही दोघं, तीन हातांच्या अंतरावर. मग त्यांनी इंजिन सुरू केलं आणि होडी वळवली. दुसऱ्या जागेकडे नाही, सरळ किनाऱ्याकडे. मला वाटलं, मला उतरवून देणार.

त्यांनी सुळ्याच्या खडपीच्या पश्चिमेला, खडकापासून वीसेक हातांवर होडी थांबवली.

"हंय," ते म्हणाले.

"काय इथे?"

"पिंपां. चौदा." त्यांनी खाली बोट दाखवलं. "आठ वाव पाणी आसा."

आठ वाव म्हणजे जेमतेम पन्नास फूट. मी होडीच्या कडेवरून खाली वाकले.

"मी तेव्हा दुसऱ्याच्या पडावार खलाशी होतंय. सत्तावीस वर्षांचो. चाळीस पिंपां भरली होती. नाखव्यान सांगल्यान, खराब झाल्लो रंग आसा, लांब नेवन बुडवचो. दोन फेरे आमी सात मैलांवर नेलंव. तिसऱ्या फेऱ्याक वारो सुटलो. पडाव कलंडूक लागलो. नाखवो म्हणालो, जीव वाचवा, टाका हंयच. टाकलंव." ते थांबले. "मगे त्येना आमका देवाची आण घातल्यान. कागदार लिवला सात मैल."

"तुम्ही कोणालाच..."

"रंगच तो! रंगाचा काय सांगूचा?" ते एकदम ओरडले, आणि मग आवाज खाली आला. "एका पिंपाची कड फुटलेली. माझ्या सदऱ्याक लागलो. सांजवेळाक घरात दिवो लावच्या आधी माझ्या आवशीन बघल्यान तर माझी बाही चकाकताहा. ती भियाली. म्हणाली, भूत लागला. सदरो तिना जाळल्यान. तेव्हाच माका कळूक व्हया होता, ह्यो रंग सादो नाय म्हणान. तुमी इलात, हंयचा पाणी घेवक लागलात, तेव्हा परत भायर इला मनात. पण तुमी म्हणालात मीठ."

मी कॅन सोडला आणि ते दाखवत होते त्या जागेचं पाणी भरलं.

त्या दिवसापासून घरात कालवं आली नाहीत. भिकाजींनी बायकोला काय सांगितलं, मी विचारलं नाही. मी मात्र पोस्टात जाऊन साहेबांना सांगितलं, कारण सापडलंय.

मग सगळं भराभर झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणबुडे आले. त्यांनी आठ वाव पाण्यात चौदा पिंपं पाहिली, पाच सडून उघडी पडलेली. बातमी गावात फुटली, गावातून बाजारात गेली. मासे उचलायला येणारा ट्रक तिसऱ्या दिवशी गावच्या वेशीवरून रिकामा परत गेला. टोपल्यांत भरलेल्या मासळीचं करायचं काय, कोणालाच कळेना. बायकांनी ती किनाऱ्यावर खड्डा खणून पुरली.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. जिल्ह्याचे अधिकारी होते, साहेब पुण्याहून आले होते. मला त्यांच्या शेजारी खुर्ची दिली. समोर सगळं गाव मातीत बसलेलं.

अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं. धोका फक्त खडपीभोवती आहे, कागदावर पिंपं जिथे टाकली आहेत ते सात मैलांवरचं खोल पाणी स्वच्छ आहे, तिथले मासे ठीक आहेत, पिंपं काढली जातील. मागून कोणीतरी विचारलं, "सात मैलांवरची पिंपां हंय इली कशी?"

"प्रवाहाने सरकली असावीत," अधिकारी म्हणाले.

भिकाजी कुबल उभे राहिले. "पिंपां चलान येणत नाय," ते म्हणाले. "मी टाकलंय. आमी पाच जणांनी. बाकीचे चार मेले. मी आसंय."

पटांगणात मग एकदम गलका उठला. एक म्हातारी छाती बडवून घेत काही म्हणत होती, मला शब्द कळत नव्हते. गलका थोडा ओसरला तेव्हा गावातल्या तांडेलांच्या थोरल्या मुलाने अधिकाऱ्यांकडे बोट केलं.

"आणि सरकाराक ह्या कधी कळला?"

अधिकाऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मागच्या महिन्यात. कळल्याबरोबर आम्ही पावलं उचलली."

भिकाजी अजून उभेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना डिसेंबर माहीत होता. त्या पटांगणात खुर्च्यांवर बसलेल्यांशिवाय तो त्यांना एकट्यालाच माहीत होता. त्यांनी तो सांगितला नाही. ते माझी वाट बघत होते, हे मला कळत होतं. माझ्या मांडीवर आकड्यांची वही होती, पहिल्याच पानावर तारीख होती. मी वहीवर हात ठेवून बसून राहिले.

ते खाली बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसली.

पुढचं थोडक्यात सांगते. पावसाळ्याआधी खडपीजवळची चौदा पिंपं निघाली. खडपीवर जायला बंदी आली, ती बारा वर्षं राहिली. रतनला मुलगी झाली, ती आता शिक्षिका आहे आणि तिची तब्येत ठणठणीत आहे. तिच्या आजीला, शेवंताबाईंना, म्हातारपणी हाडांचं दुखणं लागलं. त्याचं कारण काय ते कोणी ठरवू शकलं नाही, आणि मीही ठरवू शकत नाही. आमच्या अहवालाची पुढे बरीच वाखाणणी झाली. त्यात 'एका स्थानिक नाविकाच्या माहितीवरून' असं एक अर्धं वाक्य आहे.

पण मला सांगायचं आहे ते सभेच्या दुसऱ्या सकाळचं.

भिकाजी पहाटे भरतीच्या पाण्यावर एकटेच होडी घेऊन गेले होते. आठच्या सुमाराला परतले. ओहोटी लागली होती. मोठी होडी वाळूवर ओढायला आठ माणसं तरी लागतात, आणि वेळाखोलात त्यासाठी कोणाला बोलवावं लागत नसे. होडी दिसली की असतील तिथून माणसं उठून पाण्यात शिरत. त्या सकाळी किनाऱ्यावर पंधराएक जण जाळी शिवत बसले होते. कोणी मान वर केली नाही. भिकाजींनी हाक मारली नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते एकटेच होडीला रेटत होते.

मी गोदामाच्या दारातून बघत होते. मग खाली उतरले, साडी खोचली आणि पाण्यात जाऊन होडीला खांदा लावला. होडी हलली नाही.

"काल मी उठायला हवं होतं," मी म्हटलं.

"व्हय," भिकाजी म्हणाले.

ते रेटत राहिले.

मी पाण्यातून बाहेर आले. जाळी शिवणाऱ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. साडीतून पाणी गळत होतं. तांडेलांच्या थोरल्याने वर पाहिलं.

"काल साहेब खोटं बोलले," मी म्हटलं. "मागच्या महिन्यात नाही. डिसेंबरात कळलं होतं. मला कळलं होतं. कुबल नाखव्यांना पिंपांत काय आहे ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून मी तुमच्या गावचे मासे खाल्ले नाहीत. आमच्या घरी मासे खातात. माझा बाप मासेच धरतो."

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एका म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली, एवढंच. मी वळले, तर मागे शेवंताबाई उभ्या होत्या. हातात नवऱ्यासाठी आणलेला पेजेचा डबा. किती वेळ होत्या कोण जाणे. सगळंच ऐकलं असावं.

"माझ्या चेडवाक तरी सांगूचा होतात," त्या म्हणाल्या. "पोटात पोर होता तिच्या."

 

त्यांनी डबा वाळूत ठेवला, काष्टा घट्ट केला आणि सरळ पाण्यात शिरून होडीच्या मागच्या बाजूला गेल्या. मग मीही गेले आणि त्यांच्या समोरच्या अंगाला खांदा लावला. तिघांनी जोर केला. होडी वीतभर सरकली आणि रुतली. किनाऱ्यावरून कोणी आलं नाही.

शेवंताबाईंनी दम घेतला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. होडीच्या लाकडाकडे बघतच म्हणाल्या,

"वायच फुडे सरा. थंयसून जोर लागणा नाय."